दगडाच्या आधीची भिंत

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (2013) या चित्रपटात शेवटी जब्या हा दलित मुलगा दगड भिरकावतो. तो दगड म्हणजे नुसती धक्का द्यायची युक्ती, असं काहीजण म्हणतात. पटलं नाही. दगड थेट कॅमेऱ्यावर येतो नि पडदा काळा होतो, हे खरं. पण जब्याचं कुटुंब डुक्कर पकडत असताना गाव कडेला उभं राहून मजा बघतं, तेव्हा आपणही बघतच असतो. बघ्यांत आपल्याला आधी उभं केलंय, दगड नंतर आलाय.

डुक्कर पकडताना मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं कुटुंब जागीच थिजतं. हा प्रसंग आवाज बंद करून पाहा, थांबण्याचं कारणच कळणार नाही. सगळा अर्थ ध्वनीपट्टीवर आहे.

याउलट डुक्कर बांबूला बांधून नेतात तो शॉट. मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं, पुढे ओझं. संवाद नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत असल्यामुळे टक्कर प्रेक्षकाला स्वतः शोधावी लागते. भिंतीचा वेगळा क्लोजअप कापून जोडला असता, तर दिग्दर्शक बोट दाखवून शिकवतोय असं वाटलं असतं.