सन १२०६: दिल्ली, ओनॉन की पाटण?

बखरवाचक
परवा पुतण्याची सनावळी घेत होतो. "१२०६ – दिल्ली सल्तनतीची स्थापना." पुढची ओळ १२१०. मीही शाळेत हेच घोकलं होतं, पण आता ते घशाखाली उतरत नाही.

एक तर त्या साली दिल्लीत काही विशेष घडलंच नाही. मार्चमध्ये मुहम्मद घोरी पंजाबातल्या खोखर टोळ्यांचं बंड मोडून परतत होता, तेव्हा दमयकच्या मुक्कामात त्याचा खून झाला. त्याचा गुलाम सरदार कुतुबुद्दीन ऐबक जूनमध्ये गादीवर बसला तो लाहोरला. १२१० मध्ये तिथेच चौगान (घोड्यावरचा पोलो) खेळताना घोड्यावरून पडून गेला. दिल्लीला राजधानीपण आलं ते पुढे त्याचा जावई अल्तमश सुलतान झाला तेव्हा.

दुसरं म्हणजे, त्याच वसंतात पार उत्तरेला मंगोलियात ओनॉन नदीच्या उगमापाशी नऊ शेपट्यांचं पांढरं निशाण उभं राहिलं आणि कुरुलताईने, म्हणजे टोळ्यांच्या सभेने, तेमुजीनला चंगीझ खान केलं. जगाच्या दृष्टीने १२०६ म्हणजे हे. दिल्ली ही तळटीप. पटत नसेल तर भांडा.

जुना_मास्तर
भांडतोच. बत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय.

लाहोर की दिल्ली हा मुद्दा बरोबर, पण पोकळ. १२०६ ला खरं काय घडलं? घोरीला मुलगा नव्हता. त्या शतकातला इतिहासकार मिन्हाज-उस-सिराज लिहितो की त्याने आपल्या हजारो तुर्क गुलामांनाच मुलगे मानलं होतं. तो मेल्यावर गझनीत यिल्दिझ, मुलतान-उचकडे कुबाचा, लाहोरात ऐबक, अशी वाटणी झाली. म्हणजे हिंदुस्थानातला मुलूख गझनीच्या दावणीतून सुटला. आधीचे स्वारी करून लूट घेऊन परत जात. इथून पुढे राज्य इथलं झालं. ही तळटीप?

आणि ओनॉनकाठी त्या दिवशी काय होतं हो? तंबू, घोडे आणि कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. चंगीझचं मोठेपण १२१५ चं झोंगदू (आजचं बीजिंग) आणि १२२० चं बुखारा-समरकंद यांत आहे. तुम्ही पुढचा निकाल बघून मागच्या सालाला मार्क देताय.

बखरवाचक
मास्तर, नुसते तंबू नव्हते. मंगोलांच्या स्वतःच्या इतिहासात त्या सभेतल्या नेमणुका आहेत: पंच्याण्णव हजारी, म्हणजे हजार-हजार माणसांचे पंच्याण्णव सरदार. जुन्या टोळ्या फोडून माणसं दहा, शंभर, हजार अशी नव्याने बांधली. तातार, केराइट, नायमान ही हरलेली मंडळी वेगवेगळ्या हजाऱ्यांत विखुरली, म्हणजे उद्या काकाच्या हाकेला पुतण्या धावून जायला नको. खानाचं खास पहारादळ दहा हजारांवर नेलं, त्यात सरदारांची पोरं घेतली. मानाची जागा म्हणा, ओलीस म्हणा. बुखारा पडलं ते या बांधणीमुळे. मी निकालाला नाही, बांधणीला मार्क देतोय.

पुढचा निकाल बघून मार्क तर तुम्ही देताय. १२०६ मध्ये कुणाला वाटलं असेल की ऐबक टिकेल?

लोहित
नोकरीमुळे गेली काही वर्षं गुवाहाटीत आहे. तुम्ही दोघेही या सालाला जिंकणाऱ्यांकडूनच बघताय, म्हणून लिहितो.

ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर कानाइ बरशी म्हणून जागा आहे. तिथे खडकावर कोरलंय:

शाके तुरगयुग्मेशे मधुमासत्रयोदशे
कामरूपं समागत्य तुरुष्काः क्षयमाययुः

तुरग म्हणजे सूर्याचे सात घोडे, युग्म दोन, ईश म्हणजे अकरा रुद्र. उलटं वाचा: शके ११२७. चैत्राच्या तेराव्या दिवशी कामरूपात आलेले तुर्क नाश पावले. त्यांचा म्होरक्या बख्तियार खिलजी, बंगाल घेणारा. तिबेटवर निघाला होता. मिन्हाजच्या म्हणण्याप्रमाणे दहा हजार घोडेस्वार गेले. परततात तो पूल मोडलेला. नदी पोहून शंभरेक पार झाले. पुढे बंगालात देवकोटला आजारी पडलेल्या बख्तियारला त्याच्याच माणसाने, अली मर्दानने, भोसकलं. तेही १२०६.

सनावळीत याला अर्धी ओळ नाही. पहिल्यांदा दगड बघायला गेलो तेव्हा मुंबईहून आलेला मित्र म्हणाला, "एवढंच?" दोन ओळी. पण सैन्य बुडाल्याची बातमी ज्यांनी बुडवलं त्यांच्याच हातची, आणि तारखेसकट!

जुना_मास्तर
दगड उत्तम, पण हिशेब चुकला. ११२७ मध्ये ७८ मिळवा. चैत्र, शके ११२७ म्हणजे १२०५ चा वसंत. तुमचा दगड या धाग्यात बसत नाही.

लोहित
मास्तर, तुमचं पंचांग गुढीपाडव्याचं. इथलं वर्ष सौर. ते वैशाखात, बिहूला सुरू होतं आणि चैत्र हा त्यांचा शेवटचा महिना. म्हणून त्या शकाचा चैत्र येतो तो १२०६ च्या मार्चमध्ये.

जुना_मास्तर
मान्य. एक मार्क कापा माझा.

घटिकापात्र
सगळा धागा घोडे आणि तलवारी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दियारबकिरला (आजच्या तुर्कस्तानात) आर्तुकी घराण्यातल्या सुलतानाच्या पदरी असलेल्या अल-जझरीने आपला यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. पाणी उपसायचे पंप, दांड्याची फिरती चाकं, आपोआप हात धुवायला पाणी देणाऱ्या बाहुल्या, सगळं मापांसकट आणि आकृत्यांसकट.

त्यातलं हत्तीचं घड्याळ बघा. बाहेरून पक्षी, साप, माहूत असा थाट. हत्तीच्या पोटात मात्र पाण्याची टाकी आणि त्यावर तरंगणारं, बुडाला बारीक भोक असलेलं भांडं. अर्ध्या तासात ते भरून बुडतं, दोरी ओढली जाते, गोळा सुटतो, झांज वाजते. आता हे भांडं कुठं पाहिलंय आठवा. आमच्या आजीच्या लग्नात गुरुजींनी घंगाळात सोडलेलं घटिकापात्र! गणिती भास्कराचार्यांच्या लेकीचा, लीलावतीचा, लग्नमुहूर्त मोती अडकून हुकला म्हणतात, तेही तेच. (ती दंतकथा आहे, माहीत आहे. तुटून पडू नका.)

चंगीझ नसता तर दुसरा कुणी खान झाला असता. हे डोकं दुसरं नसतं.

बखरवाचक
"दुसरा कुणी झाला असता" हे फार स्वस्त बोलणं झालं. स्टेपमध्ये, म्हणजे तिथल्या गवताळ मुलखात, त्याआधी कितीतरी शतकं टोळ्या आपसातच लढत होत्या. आणि त्या ग्रंथाने १२०६ साली जग किती हललं?

खानदेशी
भास्कराचार्यांचं नाव निघालं म्हणून. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्धीला आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिलं. भास्कराचार्यांची वंशावळही याच लेखातून कळते.

वरचा भाग संस्कृत. पण पैशाची गोष्ट आली की लेख मराठीत बोलायला लागतो: "इयां पाटणीं जें केणें उघटे..." या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं देणं मठाला दिलं. बाजारातल्या माणसाला कळायला हवं ना. एकीकडे पंच्याण्णव हजारी, दुसरीकडे बाजाराच्या जकातीवर गणिताची शाळा. मी शाळेच्या बाजूचा.

जुना_मास्तर
आता मी कापतो मार्क. ११२८ अधिक ७८ म्हणजे १२०६ खरं, पण त्या लेखात संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव) प्रभव दिलाय आणि प्रभव येतो १२०७ ला. श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण धरून अभ्यासकांनी ९ ऑगस्ट १२०७ काढलाय. आऊट!

खानदेशी
कोरताना १२०७ असेल. मठ काय एका रात्रीत उभा राहिला? आणि अंक तर ११२८ च आहे. अर्धा आऊट म्हणा.

बखरवाचक
मास्तर, तुमच्या "राज्य इथलं झालं" या मुद्द्यावर एवढं मागे घेतो: तळटीप हा शब्द चुकला. पण पहिला नंबर ओनॉनचाच. १२२१ मध्ये चंगीझ ख्वारझमच्या पळालेल्या शहाच्या, जलालुद्दीनच्या, मागावर सिंधूपर्यंत आला, तेव्हा त्या जलालुद्दीनला आसरा द्यायला तुमच्या अल्तमशने नकार दिला. इथलं राज्य तिथल्या खानाला पंधरा वर्षांत घाबरायला लागलं होतं.

जुना_मास्तर
घाबरलं नाही, शहाणपणाने वागलं. म्हणूनच पुढे मंगोलांच्या हातून बगदाद जळलं, पण दिल्ली राहिली. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता जेवायला हाक आलीय.

खानदेशी
लिहा. तोवर कुणी पाटणला जाणार असेल तर पावसाळा संपता संपता जा, पितळखोऱ्याची लेणीही त्याच फेरीत होतात. आणि लेखाचं वाचन आधी छापून न्या. नुसत्या डोळ्यांनी माझी "केणें"च्या पुढे गाडी सरकली नव्हती.