घरी केलेली ऑडिओ सीडी प्लेअरवर चालत नाही: दोष सीडीचा की प्लेअरचा?

नारायणपेठी
आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून सीडी केली आणि सहकारनगरला मामांकडे दिली. माझ्या लॅपटॉपवर छान वाजते, त्यांच्या जुन्या प्लेअरवर नुसतं 'नो डिस्क'. विकतच्या सीड्या तो वाजवतो. तरी माझं मत, त्याचे दिवस भरले. मोडीत काढावा आणि पेन ड्राइव्ह वापरावा. मामा ऐकत नाहीत.

तपकीर गल्ली
अजिबात पटलं नाही. विकतची वाजते म्हणजे प्लेअर शाबूत आहे. एमपी३ फाइली तशाच टाकल्या असतील तर ती डेटा सीडी झाली. जुन्या प्लेअरला १९८० सालचं रेड बुक, म्हणजे ऑडिओ सीडीचं मूळ मानक, तेवढं कळतं: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल. आणि सीडी फायनलाइज केलीत का, म्हणजे लिहून झाल्यावर बंद केलीत का? त्याशिवाय सुरुवातीची अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. कॉम्प्युटर चालवून घेतो, प्लेअर नाही घेत.

नारायणपेठी
ऑडिओ सीडीच केली, फायनलाइजही केली. फक्त पुसून पुन्हा लिहिता येणारी वापरली, चुकलं तर वाया जायला नको म्हणून.

तपकीर गल्ली
मग तिथेच अडलं! अशा पुसता येणाऱ्या सीडीवरून, म्हणजे आरडब्ल्यूवरून, लेझरचा प्रकाश फार कमी परततो, विकतच्या सीडीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा. जुन्या प्लेअरला आत डिस्क आहे हेच कळत नाही. साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या, सगळं एकाच बैठकीत बर्न करा. प्लेअरला हात लावू नका.

वारज्याचा
हात लावाच. 'विकतची वाजते म्हणजे प्लेअर शाबूत' हे मला मान्य नाही. ती इतका प्रकाश परत देते की मळकी लेन्सही ती वाचते. आमच्या बाबांचा डेक सीडी-आरसुद्धा घेत नव्हता, लेन्स पुसल्यावर घ्यायला लागला. आणि सीडीवर कागदी स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो.

तपकीर गल्ली
लेन्सचं मान्य. पण आधी सीडी बदला, एवढ्या वर्षांचा प्लेअर उगाच खोलू नका. आणि मामांना पेन ड्राइव्ह नको असेल तर नको. त्यांच्या आईचा आवाज आहे तो, त्यांना हवा तसा ऐकू द्या.

नारायणपेठी
काल सीडी-आरवर केली. प्लेअरने लगेच घेतली. मामा पहिल्या ओवीलाच उठून उभे राहिले. शेवटच्या दोन ओव्या मात्र अडखळतात, म्हणून रविवारी लेन्स पुसायला जातोय. मोडीत काढायचं मागे घेतो.