बल्गेरियातलं प्लोवदिव: आईबाबांना घेऊन पायी भटकणं आणि लोकनृत्याचा फेस्टिव्हल, जमेल का?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. नवऱ्याला जुलैअखेर ऑफिसच्या कामाने सोफियाला जायचंय आणि या वेळी मीही चिकटतेय, शिवाय माझे आईबाबा पण. त्याचं काम संपलं की आठवडाभर हातात आहे आणि मला तो अख्खा प्लोवदिवमध्ये घालवायचाय. पण इथल्या एका टूरवाल्याचं म्हणणं, "मॅडम प्लोवदिवला अर्धा दिवस पुरे, सकाळी सोफियाहून निघा, संध्याकाळी परत", आणि बाकीचे दिवस त्याने बसमध्ये बसवून ठेवलंय आम्हाला.

बाबा मूळचे गुहागरकडचे, तरुणपणी जाखडी नाचलेत, अजूनही गणपतीत गावी गेले की दम लागेपर्यंत नाचतात आणि आई बीपीची गोळी घेऊन बाजूला उभी. त्यामुळे त्यांना म्युझियमबिझियममध्ये रस नाही, माणसं नाचताना बघायचीत. तिथे उन्हाळ्यात इंटरनॅशनल फोकलोर फेस्टिव्हल असतो असं वाचलं, तो खरंच बघण्यासारखा आहे का टुरिस्टांसाठी मांडलेला तमाशा? आणि फ्री वॉकिंग टूर म्हणतात ती खरंच फ्री असते का, की शेवटी टोपी फिरवतात? आईचे गुडघे कुरकुरतात, चढ किती आहे? आणि हो, आई शुद्ध शाकाहारी. सांगा कोणी जाऊन आलं असेल तर.

भटक्या_ठाणे

आधी त्या टूरवाल्याला राम राम करा. सोफियाहून प्लोवदिव दीडशे किलोमीटरच्या आत आहे, बसने साधारण दोन तास, म्हणून सगळे त्याला डे ट्रिपमध्ये कोंबतात. पण बारा वाजता उन्हात पोचायचं आणि पाचला निघायचं यात तिथलं काहीच हाताला लागत नाही, गाव संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडतं.

फ्री टूर फ्रीच असते, टोपी फिरते पण डोळे वटारत नाहीत. आवडली तर द्या, आणि द्याच, कारण गाइडचं पोट त्याच्यावरच असतं. साधारण दोन तास चालवतात. बहुतेकांचा रूट मुख्य रस्त्यावरून जातो, तो जवळपास पावणेदोन किलोमीटर आहे आणि गाड्यांना बंदी, एकदम सपाट, मध्ये बसायला बाकडी, त्यामुळे हा भाग आईंना सहज जमेल. गंमत म्हणजे या रस्त्याच्या पोटात दुसऱ्या शतकातलं रोमन स्टेडियम आहे, अंदाजे २४० मीटर लांब, तीसेक हजार माणसं बसायची. वर दुकानं, आइस्क्रीम, बाबागाड्या आणि खाली हे. दिसतं फक्त त्याचं गोल टोक, जुमाया मशिदीसमोरच्या चौकात, खड्ड्यात वाकून बघायचं. आणखी एक तुकडा एका कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात आहे, खाली उतरलं की शर्टांच्या रॅकशेजारी रोमन पायऱ्या. तिथेच जवळ मिल्योचा पुतळा आहे, गावातला एक अवलिया होता, कानाला हात लावून बसलाय, लोक त्याच्या कानात इच्छा सांगतात.

आता जुनं गाव. ते टेकड्यांवर आहे आणि तिथे गुडघ्यांचा प्रश्न येतो. चढापेक्षा त्रास गोट्यांचा, रस्त्यात बसवलेले दगड मोठे, गोल आणि घासून गुळगुळीत झालेले, पावसात तर विचारू नका. आईंना स्पोर्ट्स शूजच घालायला लावा. जुमायापासून साबोर्ना रस्त्याने हळूहळू चढा, वाटेत चर्च, गॅलरी, कॅफे आहेत, थांबत थांबत जाता येतं. सकाळी नऊच्या आत वर पोचा, नंतर ऊन आणि ग्रुप दोन्ही अंगावर येतात, जुलैअखेर पारा पस्तिशीच्या वर जाऊ शकतो.

वरची घरं अशी की वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, हिसार कापिया नावाच्या वेशीपाशी तर दोन्ही बाजूची घरं वर एकमेकांना टेकायचीच बाकी आहेत. त्यातलंच कुयुमजिओग्लू नावाच्या व्यापाऱ्याचं १८४७ चं घर म्हणजे आजचं एथ्नोग्राफिक म्युझियम. गडद भिंतीवर सोनेरी वेलबुट्टी, आत लाकडी कोरीव छतं, आणि बाबांना रस नसला तरी इथे न्याच, कारण गावोगावचे पोशाख, वाद्यं, कुकेरींचे (थंडीत दुष्ट शक्ती हाकलत नाचणाऱ्यांचे) मुखवटे सगळं इथे हाताच्या अंतरावर दिसतं.

शहराला सात टेकड्या होत्या. त्यातली एक फोडून फोडून तिच्या दगडांनी रस्ते केले, टेकडी संपली, आता त्या जागेजवळ मॉल आहे. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

लालपरी

भटक्यांनी छान लिहिलंय पण मुख्य प्रश्नाला बगल दिली. ताई, स्टेजवरचं लोकनृत्य बघायला एवढं लांब कशाला जायचं? कडक इस्त्रीचे कपडे, सगळे एका मापाचे, एका वेळी एक पाय वर. आणि तो फेस्टिव्हल इंटरनॅशनल आहे, म्हणजे देशोदेशीचे ग्रुप येतात, बल्गेरियनच बघायला मिळेल असं काही नाही.

खरं बघायचं तर तारखा वेगळ्या आणि जागाही वेगळ्या. कुकेरी, म्हणजे अंगावर केसाळ कातडी, भयानक मुखवटे आणि कमरेला किलोकिलोच्या घंटा बांधून दुष्ट शक्ती हाकलणारे, ते भर थंडीत. पेर्निक भागातला सुर्वाचा सण २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेला, पेर्निक शहरात जानेवारीअखेर मोठा मेळा भरतो. निखाऱ्यांवर अनवाणी चालणारे नेस्तिनारी बघायचे तर ३ जूनच्या आसपास पार तुर्कस्तानच्या सीमेजवळच्या बल्गारी गावात, तिथे संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेनाच्या तसबिरी हातात घेऊन ढोल आणि गायदाच्या (तिकडच्या बॅगपाइपच्या) तालावर चालतात, तेही २००९ पासून युनेस्कोच्या यादीत. जुलैच्या शेवटी यातलं काहीच नाही. समुद्रकाठच्या हॉटेलांत टुरिस्टांसाठी निखाऱ्यांवर चालून दाखवतात, जेवणासोबत, त्याच्या वाटेला जाऊ नका. तिकीट पुढे ढकलता येत असेल तर बघा.

सूरपेटी

लालपरी, जावयाचं ऑफिसचं काम आहे हो, ते कुकेरींच्या सोयीने कसं हलवणार :)

स्टेज म्हटलं की नाक मुरडायचं हे मला पटत नाही. बल्गेरियात सरकारी फोक एन्सेम्बलची परंपरा आहे, फिलिप कुतेव यांनी १९५१ मध्ये मोठा समूह उभा केला, गावातली गाणी घेऊन ती कोरससाठी बांधली. ते गावातलं जसंच्या तसं नाही, मान्य. पण या सत्तरेक वर्षांत त्याचीच एक परंपरा झालीय, पोरंपोरी वर्षानुवर्षं शिकतात, आणि बाबांसारखा माणूस पाय बघणार, कपडे नाही. पायात खोटं चालत नाही. फेस्टिव्हलमध्ये मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते, सगळे ग्रुप आपापले पोशाख घालून नाचत जातात, ती फुकट आणि अगदी दोन हातांवरून बघता येते. बाबांना तिथे उभं करा.

जायच्या आधी त्यांच्याकडून एक करून घ्या. राचेनित्सा हा तिकडचा नाच सात मात्रांचा, विभागणी २-२-३. आपला रूपक ताल ३-२-२, म्हणजे आपल्याकडे लांब घास आधी, त्यांच्याकडे शेवटी. टाळीने म्हणून बघा: टाक-टाक-टाऽक, टाक-टाक-टाऽक, पण बऱ्यापैकी जलद. दोन मिनिटांत शरीर बरोबर पकडतं. मग कोपानित्सा घ्या, अकरा मात्रा, २-२-३-२-२, इथे जाखडीवाल्यालाही घाम फुटेल. तयारी झाली की तिथे कुठे होरो, म्हणजे हात धरून गोल करून नाचायचा नाच, चालू असेल तर मजा कळते. एक लक्षात ठेवा, होरोत शिरायचं तर शेपटाला. पुढे जाऊन म्होरक्याचा हात धरायचा नाही, आणि मध्येच हात सोडवून घुसायचं नाही.

प्लोवदिवच्या दक्षिणेला क्षितिजावर जे डोंगर दिसतात ते रोडोपी. तिथली काबा गायदा, म्हणजे मोठी, खर्जातली बॅगपाइप, कुठे कानावर पडली तर पाय थांबवा. १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात याच भागातल्या वाल्या बाल्कान्स्का यांचं गाणं आहे, मागे दोन गायदा वाजतायत. आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी. आता दोघी एकाच गाडीतून सूर्यमालेच्या बाहेर निघाल्यात. बाबांना दोन्ही लागोपाठ ऐकवा.

पार्लेकरीण

बापरे, एवढं सगळं! बाबांना तुमचं वाचून दाखवलं, ते कालपासून जेवणाच्या टेबलावर टाक-टाक-टाऽक करतायत आणि आईने मला "काय गं लावून दिलंस" म्हणून सुनावलं. लालपरी, तारखा हलणार नाहीत हो. पण मग संध्याकाळी नुसतं बसून बघता येईल असं काही आहे का आईसाठी? आणि खाण्याचं कोणीच बोललं नाही.

शेवग्याची_शेंग

खाण्याचं मी सांगते. जुलै म्हणजे टोमॅटोचा सीझन, आणि तिथल्या टोमॅटोला टोमॅटोची चव असते. शोप्स्का सॅलड सगळीकडे मिळतं, टोमॅटो काकडी कांदा आणि वर किसलेलं सिरेने चीज, सोबत ब्रेड, झालं जेवण. तारातोर मागवा, ती म्हणजे आपली काकडीची कोशिंबीरच पण प्यायची, दही पातळ करून त्यात काकडी, लसूण, अक्रोड आणि शेपू. आईंना शेपू आवडत नसेल तर अवघड आहे, तिकडे शेपू सगळ्यात. सकाळी बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पापुद्र्याची, आणि मेकित्सी म्हणजे तळलेल्या फुगलेल्या, वर पिठीसाखर. बॉब चोर्बा हे बीन्सचं सूप, पण त्यात कधी कधी मांसाचा तुकडा असतो, म्हणून "बेझ मेसो" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द आईंना घोकायला लावा. अंडं चालत नसेल तर बानित्सा आणि मेकित्सीच्या वेळी वेगळं विचारा, बहुतेक वेळा असतं.

आणि मानेचं सांभाळा. जुनी माणसं हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना वर करतात. तुम्ही "मीट नाही ना?" विचारलं आणि तिने मान आडवी डोलावली तर खूश होऊ नका, तोंडाने "दा" (हो) का "ने" (नाही) ते वदवून घ्या. तरुण मुलं परदेशी माणूस बघून उलटं करतात त्यामुळे अजूनच गोंधळ.

भटक्या_ठाणे

संध्याकाळी बसायला त्सार सिमेऑनचं उद्यान. ल्युसिएन शेवाला नावाच्या स्विस माळ्याने १८९२ च्या प्रदर्शनासाठी आखलेलं, सगळं सपाट, झाडं मोठी, उन्हाळ्यात काही संध्याकाळी कारंज्यांचा शो असतो. आणि भर दुपारी बिशप्स बॅसिलिका, २०२१ मध्ये उघडली, आत चालायला सरळ मार्ग आणि खाली हजारो चौरस फुटांचं मोझेक, पक्षीच पक्षी. ऊन टाळायला इतकी चांगली जागा नाही.

आणि कोपरिवश्तित्सा सोफिया आणि प्लोवदिवच्या मध्ये डोंगरात आहे, रंगीत लाकडी घरांचं छोटं गाव. १८७६ च्या तुर्कांविरुद्धच्या उठावाची पहिली गोळी तिथे सुटली. तिथे १९६५ पासून मोठा राष्ट्रीय लोककला मेळा भरतो, पाचेक वर्षांनी एकदा, आणि गावोगावचे हौशी लोक कुरणात उभे राहून गातात, लालपरींना हवं तसं. यंदा नसला तरी गाव बघायला जा.

खिडकीची_सीट

वॉकिंग टूरमध्ये गाइडला एक विचारा, १९४३ बद्दल, सगळे सांगत नाहीत. बल्गेरिया तेव्हा जर्मनीच्या बाजूने होता. मार्चमध्ये प्लोवदिवच्या ज्यू लोकांना नाझी छावण्यांत पाठवून द्यायला एका शाळेच्या आवारात गोळा केलं होतं, तेव्हा तिथले बिशप किरिल मध्ये पडले, थेट राजाला तार केली, आणि त्या लोकांना सोडावं लागलं. बल्गेरियातले जवळपास ४८ हजार ज्यू वाचले. पण बल्गेरियाच्याच ताब्यातल्या थ्रेस आणि मॅसेडोनियातून अकरा हजारांवर पाठवलेच गेले, आणि गाइड चांगला असेल तर हेही सांगतो. शहरात आभाराचं स्मारक आहे.

लालपरी

बरं, मीच घेते थोडं मागे, मिरवणूक बघा :) पण अर्ध्या दिवसाच्या पॅकेजला नाही म्हणा एवढं तरी माझं ऐका.

कामाचं सांगते. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्ण शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) आहे त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागेल, आणि मुक्काम तिथेच जास्त म्हणजे अर्ज बल्गेरियाकडेच. सहा महिने आधीपासून करता येतो, मुंबईत उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आत अपॉइंटमेंट घ्या, आईबाबांचे फोटो नवीन काढा. पैसे युरोच न्या, १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालू झालाय, कोणी जुने लेव (तिथलं आधीचं चलन) स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. मुंबईहून थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा आखातातून बदलून. फेस्टिव्हलच्या तारखा दर वर्षी थोड्या हलतात, तिकीट काढायच्या आधी प्लोवदिव महापालिकेच्या कार्यक्रमपत्रिकेत बघून घ्या.

सूरपेटी

अँटिक थिएटरात रात्रीचा काही कार्यक्रम असेल तर तिकीट आधीच काढा. पहिल्या शतकातलं थिएटर आहे, १९७० च्या दशकात दरड कोसळल्यावर सापडलं, डागडुजी करून पुन्हा वापरात आणलं, आता ऑपेरापासून फोकपर्यंत सगळं होतं. खालून गाड्यांचा बोगदा जातो, वर संगमरवरी पायऱ्या, काही बैठकांवर शहराच्या कुठल्या गटाने तिथे बसायचं ते ग्रीकमध्ये कोरलेलं. पाठ टेकायला काही नाही आणि दिवसभर तापलेला दगड उशिरापर्यंत गरम असतो, तेव्हा आईंसाठी घडीचं जाड आसन घरून न्या आणि कडेची, जिन्याजवळची जागा मागा, मध्ये अडकल्या तर उठायला अख्खी रांग उठवावी लागेल.