पॉल मोठा होतो तो जॅमिसच्या मयतात
फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञान कादंबरीची पहिली शंभर पानं नुसती नावं आणि राजकारण, आणि तिचा नायक पॉल हिरो होतो तो शेवटच्या लढाईत, असं एका वाचकानं लिहिलंय. सुरुवात जड आहे हे मान्य, खरं लढाईचं मला पटलं नाही. माझ्या मते तो मोठा होतो जॅमिसच्या मयतात. जॅमिस म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमन लोकांतला एक, पॉलच्या हातनं द्वंद्वात मेलेला. १५ वर्षांचं पोरगं, आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर माणूस मारलाय, फ्रेमनांच्या रिवाजाप्रमाणं मेलेल्याच्या अंगातलं पाणी जिंकणाऱ्याच्या वाट्याला येतं, आणि तिथं बोलता बोलता ह्याच्या डोळ्यातनं पाणी येतं. सगळे हबकतात, हा मेलेल्याला पाणी द्यायलाय म्हणून! जिथं थेंबाथेंबाचा हिशोब तिथं रडणं म्हणजे केवढं मोठं देणं.

मी हे कर्नाटकातल्या अथणीत, ऐन मे महिन्यात वाचलं. कृष्णेचं पात्र कोरडं, गल्लीत टँकर आला की घागरींची रांग, आणि आजी तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालायची, त्यामुळं ते पान वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. अजून एक, फ्रेमन पॉलला उसूल हे आतल्या माणसांपुरतं नाव देतात, आणि चारचौघांतलं मुआदिब हे तो स्वतः निवडतो, वाळवंटातल्या छोट्या उंदराचं. घरात मराठी, बाजारात कन्नड बोलत वाढलेल्या आमच्यासारख्यांना दुसऱ्यांच्या भाषेत आपलं नाव मिळणं काय असतं ते वेगळं सांगायला लागत नाही. १९६५ सालचं पुस्तक आहे हे, तेवढी सुरुवात सोसा आणि मयतापर्यंत वाचाच.