अणूत मूलकण नेमके कुठं असतात?

गंगाखेडची_आई:
लेक आठवीत आहे. पुस्तकात दिलंय की केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन आणि बाहेर इलेक्ट्रॉन. तिनं मोबाइलवर ऐकलं, प्रोटॉन-न्यूट्रॉन मूलकण नाहीतच. आता विचारतीय, मंग अणूत मूलकण असतात तरी कुठं? शिवाय बीटा किरण म्हणजे केंद्रकातून निघालेले इलेक्ट्रॉन, असंही तिनं वाचलंय. तिथं इलेक्ट्रॉन नसतातच, तर निघतात कुठून? माझं बी.ए. झालंय, मला हे उलगडेना. कुणी नीट सांगाल का?

निवृत्त_मास्तर_नांदेड:
ताई, लेकीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय.

मूलकण म्हणजे ज्याच्या आत आणखी लहान कण नाहीत असा कण. इलेक्ट्रॉन मूलकणच. थॉमसननं 1897 मध्ये शोधला, तेव्हापासून त्याच्या आत कुणाला काही सापडलेलं नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉन मात्र क्वार्क नावाच्या आणखी बारीक मूलकणांचे बनलेत. 1964 मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. पुढं स्टॅनफर्डला प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडले, तर कित्येक फारच मोठ्या कोनात वळले. म्हणजे आत बारीक, भारित असं काहीतरी होतं.

अप आणि डाउन हे क्वार्कचे प्रकार. इलेक्ट्रॉनचा भार -1 धरला, तर अप क्वार्कचा भार +2/3, डाउनचा -1/3. प्रोटॉनमध्ये दोन अप, एक डाउन. न्यूट्रॉनमध्ये एक अप, दोन डाउन. बेरीज लेकीला वहीत करू द्या, तुम्ही सांगू नका. क्वार्कना बांधून ठेवणारे ग्लुऑन, तेही मूलकणच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट पुढंच आहे. या तीन क्वार्कचं स्वतःचं वस्तुमान प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या शंभरात जेमतेम एक भाग भरतं. बाकी सगळी क्वार्कच्या धावपळीची आणि ग्लुऑनच्या क्षेत्राची ऊर्जा. आपलं वजन बहुतेक त्या ऊर्जेचंच आहे.

आता बीटा. आपल्या अर्धापूरचं केळ घ्या. त्यात पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियमच्या साधारण दहा हजार अणूंत एखादा पोटॅशियम-40 हा किरणोत्सारी प्रकार असतो. त्याच्या न्यूट्रॉनमधला एक डाउन क्वार्क अप होतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, पोटॅशियमचं कॅल्शियम. इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (भार नसलेला, फारच हलका कण) त्याच क्षणी जन्मतात आणि बाहेर पडतात. आधी ते केंद्रकात नव्हतेच. एका केळात सेकंदाला असे दहा-पंधरा अणू बदलतात. केळ बिनधास्त खाऊ द्या.

परभणी_बीएस्सी:
सर, एक जोड देतो. इलेक्ट्रॉन ठरलेल्या कड्यावर फिरत नाही, तो कुठं सापडेल याची फक्त शक्यता सांगता येते. सगळ्यात आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनची केंद्रकात सापडण्याचीही थोडी शक्यता असते. म्हणूनच पोटॅशियम-40 चे शंभरातले दहा-अकरा अणू उलटं करतात: केंद्रक इलेक्ट्रॉन गिळतं आणि आर्गॉन तयार होतो.

गंगाखेडची_आई:
बेरीज बरोबर जुळली, सर! प्रोटॉनची 1, न्यूट्रॉनची शून्य. आता विचारतीय, एकटा क्वार्क बाहेर काढता येतो का? आणि पेपरात काय लिहू?

निवृत्त_मास्तर_नांदेड:
पेपरात पुस्तकातलंच लिहायचं, गुण तिथंच आहेत. एकटा क्वार्क मात्र निघत नाही. ओढत न्यायला लागलं की ओढ कमी होत नाही, ऊर्जा साठत जाते, आणि शेवटी त्या ऊर्जेतूनच नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क (क्वार्कचाच उलट भाराचा जोडीदार) तयार होतात. हाती येतो तो जोडीदारासकटच.