खंड पडल्यानंतरचा दिवस : नियमित व्यायामाविषयी आपले अनुभव

आवाहन : दादर, बँकेत नोकरी, वय ५२

शिवाजी पार्कभोवती चालणाऱ्यांना कट्ट्याच्या फेरीचे गणित पाठ असते. एक फेरी किलोमीटरहून थोडी अधिक भरते, त्यामुळे चार फेऱ्यांना पाऊण-एक तास लागतो आणि त्यानंतर घरी पोचून डबे भरता येतात. गेल्या आठ वर्षांत मी या फेऱ्या सहा वेळा सुरू केल्या आणि पाच वेळा त्या माझ्या हातून सुटल्या. दर वेळी सुरुवात जानेवारीत झाली, कारण तेव्हा हवेत गारवा असतो, मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने सगळीकडे धावण्याची चर्चा असते आणि नवे वर्षही लागलेले असते. दर वेळी शेवट मात्र जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झाला. अनेक वर्षे मी त्याचा दोष पावसाला देत आले. मागच्या वर्षी जुन्या दैनंदिनी काढून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की घराबाहेर पडताच येऊ नये असा पाऊस फार तर दहा-बारा सकाळी पडला होता. उरलेले महिने पावसाने नेले नव्हते. दहा दिवस न गेल्यावर अकराव्या दिवशी जाण्याची मला लाज वाटत होती. कट्ट्यावर रोज भेटणाऱ्या काकू "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत" असे म्हणतील, या कल्पनेने मी बाजारात जायचा रस्तासुद्धा बदलला होता. मग "आता गणपती झाल्यावर", त्यानंतर "आता दिवाळी झाल्यावर" असे करत पुन्हा जानेवारी उजाडत असे.

व्यायाम सुरू कसा केला, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला दुसरे काही विचारायचे आहे. खंड पडल्यावर आपण परत कसे गेलात, किंवा का जाऊ शकला नाहीत, त्या दिवशी मनात काय चालले होते, हे प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातून लिहावे, अशी मनापासून विनंती आहे. वजन किती उतरले, हे लिहिले नाही तरी चालेल.

विलेपार्ले, समुपदेशक

आपण वर्णन केलेली लाज माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात येते. मानसशास्त्रात तिचा अभ्यास आधी व्यसनमुक्तीच्या संदर्भात झाला. अॅलन मार्लाट यांनी असे दाखवले की व्रत एकदा मोडल्यावर माणूस पूर्वस्थितीला जातो तो बहुधा त्या एका घोटाने नव्हे, तर "माझ्यात धमकच नाही" या त्यानंतरच्या निष्कर्षाने. व्यायामातही हीच साखळी दिसते. एक दिवस चुकतो, त्याचे खापर माणूस स्वतःच्या स्वभावावर फोडतो, आणि स्वभाव बदलणार नाही असे वाटत असल्याने प्रयत्नच थांबवतो.

सवय २१ दिवसांत लागते, हे वाक्य या बाबतीत फार नुकसान करते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे "किमान" हा शब्द गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला, तेव्हा कृती आपोआप होऊ लागण्याचा मध्यांक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून अधिक काळ लागतो तो आकडा, ६६ दिवस आला, आणि व्यक्तीव्यक्तींमधील अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज होते). पाणी पिण्यासारख्या साध्या सवयीपेक्षा व्यायामाला अधिक काळ लागला. याच अभ्यासातील एक निरीक्षण मला या आकड्यांहून मोलाचे वाटते आणि ते मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी ज्यांना अजून कंटाळा येतो, त्यांच्यात कोणतीही उणीव नाही, आणि तेविसाव्या दिवशी ज्यांनी दांडी मारली, त्यांचे आधीचे बावीस दिवसही वाया गेलेले नाहीत.

उपाय म्हणून मी "जर अमुक झाले, तर मी तमुक करीन" अशा "जर-तर" पद्धतीने लिहून ठेवायला सांगते. २००२ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना व्यायामाचे महत्त्व पटवणारा मजकूर वाचायला दिला आणि काहींना तो मजकूर तर दिलाच, शिवाय येत्या आठवड्यात नेमका कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे व्यायाम करणार, हे लिहायलाही लावले. नुसता मजकूर वाचलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांनी त्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला. दिवस, वेळ आणि जागा लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. हा फरक एका आठवड्यातला आहे, आयुष्यभराचा नव्हे, हे मी आवर्जून नमूद करते. तरीही महत्त्व पटणे आणि उठून चप्पल घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. मुंबईत राहणाऱ्यांनी "पाऊस असेल तर" या शब्दांनी सुरू होणारे वाक्य मे महिन्यातच लिहून ठेवावे.

शीव, परिचारिका

माझ्या कामाच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे "रोज सकाळी सहा वाजता" हा सल्ला मला कधीच लागू पडला नाही. दहा वर्षे मी तो पाळण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक रात्रपाळीनंतर तो मोडला. शेवटी माझ्या ध्यानात आले की माझ्या दिवसात न बदलणारी वेळ नसली, तरी न बदलणारा एक क्षण आहे. पाळी कोणतीही असो, घरी येऊन गणवेश बदलला जातोच. तो धुवायला टाकला की लगेच, बसण्याआधी, बारा सूर्यनमस्कार घालायचे, असे मी ठरवले. एकदा पलंगावर टेकले की मी उठत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे, म्हणून "बसण्याआधी" हा त्यातला खरा शब्द आहे.

दुसरा बदल मोजणीत केला. दिवस मोजणे सोडून मी आठवडा मोजू लागले. आठवड्यातून चार वेळा झाले तर आठवडा पुरा. सलग दोन रात्रपाळ्यांनंतर शरीराला झोप हवी असते आणि ती देणे हाही आरोग्याचाच भाग आहे, हे रुग्णांना सांगणारी मी स्वतःला मात्र सांगत नव्हते. या पद्धतीला आता तीन वर्षे होतील.

मुलुंड, दोन लहान मुलांची आई

अर्ध्या तासाहून कमी व्यायाम म्हणजे काहीच नाही, ही समजूत माझ्या मनात घट्ट बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सुचवली आहेत, परंतु पूर्वीची "एका वेळी किमान दहा मिनिटे" ही अट २०२० मध्ये काढून टाकली, हे वाचल्यावर मला फार मोकळे वाटले. धाकट्याला शाळेच्या बसमध्ये बसवले की मी सातव्या मजल्यावर जिन्याने येते. मुले आजारी पडली की तेही थांबते, आणि ती शाळेत गेली की त्याच दिवशी पुन्हा सुरू होते. इतक्या लहान गोष्टीकडे परतायला धैर्य एकवटावे लागत नाही.

जोगेश्वरी, गोविंदा पथकातील, वय ३४

आमच्याकडे गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सराव सुरू होतो आणि गोपाळकाल्यापर्यंतचा सव्वा महिना आम्ही कामावरून थेट सरावाला जातो. मी पहिल्या थराला असतो. त्या काळात मला प्रेरणा शोधावी लागत नाही, कारण माझा खांदा नसेल तर वरच्या कोणालाच चढता येत नाही. ताप सोडला तर मी एकही रात्र चुकवलेली नाही. परंतु काला झाला की दुसऱ्या दिवसापासून पुढच्या आषाढापर्यंत मी काहीच करत नसे. तोच मी, तेच शरीर, आणि तरीही दहा महिने एक बैठक निघत नसे, याचे मला फार दिवस कोडे होते.

चार वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी ठरवले की वर्षभर आठवड्यातून तीन रात्री मंडळाच्या खोलीत जोर आणि बैठका मारायच्या. नियम एकच ठेवला. ज्याला यायचे नसेल, त्याने बाकीच्या चौघांना स्वतः फोन करून सांगायचे. निरोप लिहून पाठवायचा नाही. चार फोन करण्यापेक्षा येणे सोपे वाटते. दोन वर्षे हे उत्तम चालले. मग दोघांनी विरारला घर घेतले, एकाची पाळी बदलली, आणि उरलेले आम्ही दोघे महिन्याभरात थांबलो. तेव्हाचा खंड सात महिन्यांचा होता आणि तो मला सर्वांत जड गेला, कारण व्यायाम बुडाला याहून सोबत गेली याचे दुःख अधिक होते. मी परत सुरू केले ते एकट्याने. मंडळाच्या खोलीची चावी मागून घेतली आणि पहिल्या रात्री जेमतेम वीस बैठका मारल्या. आता आम्ही पुन्हा चार जण आहोत, पण गुरुवार मी मुद्दाम एकट्याचा ठेवला आहे.

विलेपार्ले, समुपदेशक

गुरुवार एकट्याचा ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटले. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार आतून येणारी प्रेरणा टिकायला तीन गरजा भागाव्या लागतात : हे मी स्वतः निवडले आहे ही जाणीव, हे मला जमते ही जाणीव, आणि माणसांशी जोडलेपण. थराने आपल्याला तिसरी भरभरून दिली. पहिली बहुधा त्या गुरुवारी मिळत असावी.

चेंबूर, लेखापाल, वय ४१

माझा अनुभव परत येण्याचा नाही, तरी तो येथे असावा असे वाटते. मी तीन वेळा व्यायामशाळेचे वर्षभराचे शुल्क भरले. पैसे भरले आहेत म्हणून जाईन, असे वाटले होते. तो धाक एकदाही दोन महिन्यांपुढे टिकला नाही. प्रत्येक वेळी उद्दिष्ट वजनाचे होते, आणि काटा एका जागी थांबला की मीही थांबलो. गेल्या वर्षी रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली. भीतीने मी सहा आठवडे रोज चाललो, पुढचा तपासणी अहवाल बरा आला, भीती ओसरली आणि चालणेही. दिवाळीपासून मी काही केलेले नाही. वरचे अनुभव वाचताना जाणवले की मला चालण्यातले काय आवडते, हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नाही. उत्तर अजून सापडलेले नाही.

वडाळा, निवृत्त बस वाहक

मी बेस्टमध्ये तीस वर्षे वाहक होतो आणि त्यातली बरीच वर्षे डबल डेकरवर काढली. जुन्या डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्याआधीच मी निवृत्त झालो होतो. निवृत्तीनंतर दोन वर्षांत दम लागू लागला, तेव्हा माझ्या मुलीने मला एक जुने संशोधन वाचून दाखवले. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले की बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. पुढे त्यांनीच गणवेशांच्या मापांची नोंद तपासली आणि चालकांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी असल्याचे दाखवले, म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. आमच्या गाड्यांवर वर एक आणि खाली एक असे दोन वाहक असत, त्यामुळे लंडनच्या वाहकाइतका जिना मीही चढलो नसेन. तरी आठ तास हलत्या गाडीत तोल सांभाळत उभे राहणे, गर्दीतून मागून पुढे जाणे, हे सगळे होतेच.

ते ऐकून मला माझी चूक उमगली. मी आयुष्यभर व्यायाम केला होता, पण एकदाही ठरवून केला नव्हता. ड्यूटीने तो माझ्याकडून करवून घेतला. निवृत्त झालो आणि खंड पडला, तो मला खंड आहे हेसुद्धा कळले नाही. मी त्याला विश्रांती समजत होतो. सकाळी उठून, कोणी हजेरी घेणार नाही हे माहीत असताना, केवळ स्वतःसाठी बाहेर पडणे मला साठाव्या वर्षी शिकावे लागले. सुरुवातीला फार संकोच वाटे. पायांत बूट घालून कोठेही न पोचता परत घरी येणे, हे माझ्या बुद्धीला पटत नसे.

मुलीने सुचवले की ड्यूटीसारखेच करा. मी एक वही केली. गाडी आगारातून सुटल्याची वेळ लिहावी तशी घरातून निघाल्याची वेळ लिहितो, पाच उद्यानांपाशी (फाइव्ह गार्डन्स) पोचल्याची वेळ लिहितो, आणि परतल्याची लिहितो. ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी रकान्यात "गाडी बंद" असे लिहून कारण नोंदवतो : पाऊस, गुडघा, पाहुणे. आगारात गाडी बंद पडली म्हणून मार्ग कोणी रद्द करत नसे; दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन निघत असे. गेल्या वर्षी पडसे आणि खोकल्यामुळे एकोणीस दिवस "गाडी बंद" होते. विसाव्या दिवशी मी फक्त पहिल्या उद्यानापर्यंत गेलो, बाकावर बसलो आणि परत आलो, आणि वहीत तिन्ही वेळा लिहिल्या.

आता आगारातले दोन जुने सहकारी सोमवारपासून येणार म्हणाले आहेत. त्यांतला एक चालक होता आणि त्याला जिना चढायला वेळ लागतो, म्हणून त्यांना सहाऐवजी साडेसहाची वेळ दिली आहे.