मदत हवी आहे: पेग लावल्यावर एक्झोसोमच्या गुठळ्या

पिपेटवाला:
एक्झोसोमवर (पेशी सोडतात त्या बारीक लिपिड-पिशव्या) डीएसपीई-पेग २००० (लिपिडला जोडलेलं पेग पॉलिमर) चढवलं. डीएलएसला (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजतात ते) १०० नॅनोमीटरच्या शिखराशेजारी १५ चं नवंच शिखर, शिवाय ५०० च्या पुढे फुगवटा. शुक्रवारी उंदरांना द्यायचंय. पटकन सांगा.

मायसेलमामा:
पेग किती, कण किती, तापमान?

पिपेटवाला:
नेहमीचंच हो. १ मिलि पीबीएस (फॉस्फेटचं खारं द्रावण), कण दहाचा अकरावा घात, पेग १ मिलिग्रॅम, ४० अंशाला २ तास.

सीरमभाऊ:
पेग सोडाच. अंगात पेगविरोधी आयजीएम (प्रतिपिंड) तयार होतं, दुसरा डोस रक्तातून झटकन साफ. अल्ब्युमिनचं (रक्तातलं प्रथिन) आवरण द्या.

मायसेलमामा:
नुसतं मिसळलेलं अल्ब्युमिन धुताना निघून जातं, लिंकर (जोडणारा रेणू) लागतो. शुक्रवारपर्यंत तो कोण जोडणार?

सीरमभाऊ:
पेगमुळे कण पेशीत शिरणंही कमी होतं, ते नाही बोलणार तुम्ही.

रात्रपाळी:
इलेक्ट्रोपोरेशनमध्ये (विजेच्या झटक्याने कणांत माल भरताना) एसआयआरएनएच्या (जनुक बंद करणारे छोटे आरएनए) गुठळ्या होतात. ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) घाला.

मायसेलमामा:
इलेक्ट्रोपोरेशन विचारलंय कुणी? पिपेटवाला, हिशोब बघ. १०० नॅनोमीटरच्या कणाच्या बाहेरच्या थरात साधारण ५०,००० लिपिड. तुझ्या सगळ्या कणांचे मिळून ८ नॅनोमोल. त्याच्या ५ टक्के पेग म्हणजे जेमतेम १ मायक्रोग्रॅम. तू हजारपट ओतलंयस. पडद्यात कोलेस्टेरॉल भरपूर, सगळं पेग आत शिरत नाही, म्हणून १० मायक्रोग्रॅम घे. उरलेल्याचे मायसेल (पेग-लिपिडचे आपोआप बनणारे बारके गोळे) झालेत, तेच १५ चं शिखर. डीएलएसचा सिग्नल व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. एवढे बारके कण १०० वाल्यांशेजारी दिसतायत म्हणजे ते हजारो पटींनी जास्त आहेत.

पिपेटवाला:
मायसेल १०० किलोडाल्टनच्या (त्याहून हलके रेणू जाऊ देणाऱ्या) फिल्टरने काढू?

मायसेलमामा:
नको. मायसेल त्यावरच अडकतात, आणि एक्झोसोम जाळीवर दाबले जाऊन चिकटतात. सेफारोज सीएल-४बी चा (सच्छिद्र मण्यांचा, आकारानुसार वेगळं करणारा) कॉलम लाव, एक्झोसोम आधी बाहेर येतात. फुगवटा कधी दिसला, गोठवण्याआधी की नंतर?

पिपेटवाला:
उणे ८० मधून काढल्यावर. आधी बघितलं नव्हतं.

सीरमभाऊ:
हे आता सांगतोय!

मायसेलमामा:
पीबीएस गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होतं, पीएच घसरतो, कण एकमेकांना चिकटतात. २५ मिलिमोलर ट्रेहॅलोज (एक साखर) घाल, ५० मायक्रोलिटरचे भाग कर, एकदाच वितळव. बिनपेगचा नमुनाही ४० अंशातून आणि उणे ८० मधून असाच ने. त्यातही फुगवटा आला तर पेगचा दोष नाही. शुक्रवारचा डोस मात्र ताजाच बनव, गोठवूच नकोस.

रात्रपाळी:
ईडीटीए १ मिलिमोलर पुरे.